मालवणच्या प्रवाळावर पडणारा नांगर

प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप-अंदमान आठवतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे आपली होडी थांबते तिथंही खाली प्रवाळ आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. याच परिसरातलं २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं.

‘दगडच तर आहे, पाय ठेवला तर काय झालं?’ तो दगड नव्हे, बारीक प्राण्यांची वसाहत आहे. टणक लागतो तो त्यांनी घडवलेला चुन्याचा सांगाडा. जीव असतो वरच्या पातळ थरात. गोलसर वाढणाऱ्या जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात.

‘छोट्या होडीनं काय बिघडतं?’ खरी गोम इथंच आहे. टाकलेला नांगर कपारीत अडकेपर्यंत तळावर घासत जातो. मग वारा फिरेल तशी होडी फिरते आणि तळाशी पडलेली साखळी, दोर आजूबाजूचं सगळं खरवडत राहतात. निघताना हिसका देऊन नांगर उपटला की प्रवाळही मोडतो. एखाद्या वेळचं नुकसान भरून निघेलही. पण स्नॉर्केलिंगच्या जागा ठरलेल्या आणि हंगामात तिथं रोज होड्या लागतात. मोठी जहाजं इतक्या उथळ पाण्यात येतच नाहीत, त्यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

होडीचा पंखा तळाला लागला नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. ओहोटीच्या उथळ पाण्यात इंजिन जोरात चालवलं की गाळ उडतो. प्रवाळाच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर जगतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न त्याच शैवालाकडून येतं. पाणी गढूळ झालं की दोघांचीही उपासमार.

किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडा घरी नेणंही चालत नाही. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

राहिली होडीवाल्यांची भीती, ‘संरक्षण म्हणजे धंदा बंद’. पोटाचा प्रश्न आहे, ती समजण्यासारखी आहे. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांजवळ १९८१ पासून तळाशी पक्के जखडलेले तरंगते बोये वापरतात. होडी बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. पर्यटन तिथं थांबलेलं नाही. बोया नसेल तिथं निदान वाळू पाहून नांगर सोडावा.

होडी ठरवताना आपण दरावर घासाघीस करतोच. त्याच दमात ‘नांगर कुठं टाकता?’ हेही विचारा.