वस्तरा धरणारा हात (लेखांक 6)

माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, नवाब टँकच्या बाजूला, एक छोटं चिनी देऊळ आहे. सी यिप समाजाच्या दर्यावर्दींनी ते 1919 साली उभारलं. त्याच्या आठेक वर्षं आधीपर्यंत चीनमधल्या हान पुरुषाला डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी राखावी लागत होती. 1645 मध्ये मांचू राजवटीने तसा हुकूम काढला होता आणि तो मोडणाऱ्याला देहान्त होता. 1911 च्या क्रांतीनंतरच ही सक्ती सुटली. केस आणि दाढी ही ज्याची त्याची खासगी बाब, असं आज आपण धरून चालतो, पण इतिहास तसं सांगत नाही. गेल्या आठवड्यात वस्तऱ्याचं पातं पाहिलं, आता ते धरणाऱ्या हाताकडे वळू. महाराष्ट्रापुरतं माझं म्हणणं असं, की हजामतीचा इतिहास फॅशनचा थोडा आणि त्या हाताला ‘नाही’ म्हणता येतं का, याचा फार मोठा आहे.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, फणी, नखं काढायची नराणी, छोटा आरसा आणि पाण्याची वाटी असे. दाढी पाण्यानेच भिजवायची, बोटांनी चोळून मऊ करायची, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा आणि गालाची कातडी अंगठ्याने ताणून धरत उतरवायचा. गिऱ्हाईक मान वर करून आपला गळा त्याच्या हाती देई. इतक्या विश्वासाच्या कामाचा मोबदला मात्र रोख नसे, सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्यामुळे कोणाची हजामत करायची हे न्हावी ठरवत नव्हता, गाव ठरवत होतं. विधवेचं केशवपन त्यानेच करायचं आणि अस्पृश्याच्या डोक्याला त्याने हात लावायचा नाही, या दोन्ही आज्ञा एकाच व्यवस्थेच्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, घरच्यांची पैसे द्यायची ऐपतही होती, तरीही त्यांचे केस थोरली बहीण कापत असे, कारण अस्पृश्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता.

मुंबईत हे नातं सैल झालं. गिरण्या आणि गोद्यांच्या शहरात न्हाव्याला रोख पैसे मिळू लागले, गिऱ्हाईक रोज नवं येऊ लागलं. एका घराने तोंड फिरवलं तरी चूल विझणार नव्हती. 1890 साली, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, ते या पार्श्वभूमीवर. त्याच वर्षी 10 जूनला गिरणी कामगारांची रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य झाली. दोन्हीमागे माणूस एकच होता, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. आपल्या श्रमावर आपला हक्क, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

यावर कोणी म्हणेल, की त्या ठरावाने केशवपन थांबलं कुठे? नाहीच थांबलं, पुढे कित्येक दशकं ते चालू राहिलं. पण जे काम धर्माने नेमून दिलेलं मानलं जाई, ते करणाऱ्यानेच नाकारलं. सुधारकांच्या शंभर व्याख्यानांपेक्षा हे मी मोठं मानतो.

दुसरा आक्षेप जास्त प्रचलित आहे, तो असा की चेहरा गुळगुळीत ठेवण्याचा बदल घडवला साहेबाच्या अनुकरणाने. पण त्या काळचा साहेब तरी गुळगुळीत कुठे होता? ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत 1854 मध्ये गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची झाली होती, आणि ब्रिटिश सैन्यातला वरचा ओठ न भादरण्याचा नियम 1916 च्या ऑक्टोबरात रद्द झाला. म्हणजे साहेबाचा चेहराही हुकुमाचाच होता. अनुकरण झालंच असेल तर ते फार उशिराचं. खरा फरक पाडला सुरक्षित वस्तऱ्याने. जिलेट कंपनीने 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे 51 रेझर विकले, दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर. हे साधन हाती आल्यावर दाढीपुरता तरी कोणाचा हात शोधायची गरज उरली नाही. ज्यांना शतकानुशतकं तो हात नाकारला गेला, त्यांच्यासाठी ही गोष्ट सोयीपुरती नव्हती.

केस मात्र आपले आपल्याला कापता येत नाहीत, म्हणून प्रश्न सलूनच्या दारात येऊन थांबला. नकाराचा हक्क न्हाव्याला 1890 मध्ये होता, मग तो पुढे का नसावा, असं विचारलं जातं. उत्तर सरळ आहे. त्या वेळी न्हाव्यांनी एक अन्यायाचं कृत्य नाकारलं होतं, इथे माणूसच नाकारला जातो. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दात सेवा देणारा प्रत्येकजण येतो, असं स्पष्ट केलं. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तर ‘दुकाना’च्या व्याख्येतच लाँड्री आणि केस कापण्याचं सलून ही दोन नावं घातली. ज्या वाचकांच्या गावात आजही दलितांना सलूनच्या खुर्चीवर बसू दिलं जात नसेल, त्यांनी हे जाणून असावं, की तो त्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार करता येते.