टर्मिनलच्या खिडकीतील १,९२० घरे

लिनक्स असलेल्या संगणकावर 'टर्मिनल' नावाची एक साधी खिडकी उघडता येते. तिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टाइप करायची आणि खाली उमटणारे उत्तर वाचायचे, एवढेच. पण या साध्यासुध्या खिडकीच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये शिरलात, तर फॉन्ट, रकाने, ओळी, कर्सर, रंग अशा निवडींची भली मोठी जंत्री समोर येते. काही विद्यार्थी ती पाहून घाईघाईने बंद करतात. काही जण हौसेने रंग बदलत बसतात आणि मग अक्षरे दिसत नाहीत म्हणून डोळे ताणून वाचतात. या निवडी कोठून आल्या हे कळले, तर त्या कशा वापरायच्या हेही आपोआप कळते.

टर्मिनल हे मूळचे एक यंत्र होते. १९६३ साली आलेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र संगणकाला तारेने जोडलेले असे आणि सेकंदाला १० अक्षरे या वेगाने कागदावर उत्तर छापत असे. पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली काढलेले 'व्हीटी १००' हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी असत. ८० हा आकडा त्याहून जुना. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या छिद्रपत्रावरही ८०च रकाने होते. आजची टर्मिनलची खिडकी म्हणजे या यंत्राचे सोंग घेतलेला एक प्रोग्रॅम, जणू बहुरूपीच! म्हणून तर ग्नोम टर्मिनलसारख्या खिडकीतही सुरुवातीचा आकार ८० गुणिले २४, म्हणजे १,९२० घरांचा असतो.

घरे हा शब्द मी मुद्दामच वापरला. चौकटीच्या वहीत एका चौकोनात एक अंक लिहितो, तसे येथे एका घरात एक अक्षर बसते. सर्व घरे सारख्या मापाची असल्याने फॉन्टही समान रुंदीचाच लागतो. इंग्रजी आय आणि एम यांना त्यात सारखीच जागा मिळते. दुसरा कोणताही फॉन्ट घरांत बसवला तर अक्षरांमधील अंतर विस्कळीत दिसते. फॉन्ट निवडताना आणखी एक गोष्ट पाहा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी एल, यांतील फरक चटकन दिसतो का? दिसत नसेल तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, आपल्या उपयोगाचा नाही.

आता रंगांकडे वळू. आज्ञेला उत्तर देणारा प्रोग्रॅम टर्मिनलकडे रंग पाठवत नाही, रंगाचा क्रमांक पाठवतो! २७ क्रमांकाचे, डोळ्यांना न दिसणारे 'एस्केप' हे चिन्ह, मग चौकटी कंस, मग ३४ आणि शेवटी एम हे अक्षर एवढे आले, की टर्मिनल समजते: यापुढील अक्षरे चौथ्या रंगात. ३० अधिक ४ म्हणजे ३४. मागची बाजू रंगवायची असेल तर ४० अधिक ४, म्हणजे ४४. काळा शून्यावा, तांबडा पहिला, हिरवा दुसरा, पिवळा तिसरा, निळा चौथा. पण 'निळा' म्हणजे नेमका कोणता निळा? ते ठरवणे टर्मिनलच्या, म्हणजे तुमच्या हातात आहे. रंगांच्या पानावर जो 'पॅलेट' दिसतो, तो हाच तक्ता. (नव्या पद्धतीत प्रोग्रॅम तांबडा, हिरवा व निळा यांची प्रत्येकी ० ते २५५ अशी मापे थेट पाठवू शकतो. तेथे तुमच्या तक्त्याचे काही चालत नाही.)

ही निवड निव्वळ हौसेची नाही. भरपूर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, निळ्याला फार कमी. पडद्यावरच्या शुद्ध पांढऱ्या रंगाचा उजळपणा १ मानला, तर त्यात हिरव्याचा वाटा ०.७१५, तांबड्याचा ०.२१३ आणि निळ्याचा अवघा ०.०७२ असतो. दोन रंगांतील भेद मोजण्यासाठी दोघांच्या उजळपणात ०.०५ मिळवून भागाकार करतात. काळ्यावर पांढरे लिहिले तर १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१. काळ्यावर शुद्ध निळे लिहिले तर ०.१२२ भागिले ०.०५, म्हणजे जेमतेम २.४. संकेतस्थळांवरील मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ असावे असा संकेत आहे. 'लिनक्स कन्सोल' या पॅलेटमधील निळा तर गडद आहे. त्याचे गुणोत्तर सुमारे १.६ येते. फोल्डरांची नावे बहुधा याच चौथ्या रंगात दिसतात आणि तीच वाचता येत नाहीत! उपाय दोन मिनिटांचा आहे. चौथ्या रंगावर क्लिक करून मापे ११४, १५९, २०७ अशी करा. फिकट आकाशी रंग येईल आणि गुणोत्तर साडेसातपर्यंत जाईल.

काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे? उजळ पडद्यासमोर डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि छिद्र लहान झाले की प्रतिमा अधिक रेखीव होते. म्हणून उजेड असलेल्या वर्गात मी पांढऱ्यावर काळेच सुचवीन. अंधाऱ्या खोलीत उलट करा. खिडकी पारदर्शक करण्याची सोय मात्र मला निरर्थक वाटते. मागे कोणते चित्र आहे त्यावर प्रत्येक अक्षराचा भेद बदलत राहतो.

मागे सरकून पाहता येणाऱ्या ओळींची संख्या ग्नोम टर्मिनलमध्ये १०,००० असते. ती पुरेशी आहे. कागद गेला तेव्हा जुने उत्तर परत पाहण्याची सोयही गेली होती, ती अशी परत आली.

आता आपल्या लिपीचे काय? घरांची ही पद्धत रोमन लिपीसाठी बेतलेली. आपली ऱ्हस्व वेलांटी स्मृतीत व्यंजनानंतर साठवली जाते, पण काढायची असते त्याच्या आधी. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. संगणकाला मात्र ते स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई अशी सहा चिन्हे दिसतात. त्यांना घरे किती द्यायची? याबाबत प्रोग्रॅमचे आणि टर्मिनलचे गणित जुळले नाही, की अक्षरे तुटतात, एकमेकांवर चढतात, कर्सर भलतीकडे जातो. देवनागरी अक्षरे असलेला दुसरा फॉन्ट निवडून थोडी सुधारणा होते, पण हिशेबाचा घोळ फॉन्टने मिटत नाही.

अशा वेळी आपल्या मराठी नावाची फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकू नका. बिघाड बहुधा दाखवण्यात असतो, साठवणीत नाही. पडताळा घ्यायचा असेल तर 'एको' या आज्ञेने 'स्त्री' हा शब्द एका फाइलीत लिहा आणि ती साध्या संपादकात उघडून पाहा. शब्द अखंड दिसेल. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तेव्हा सहा चिन्हांच्या १८ बाइट झाल्या पाहिजेत. त्याच फाइलीच्या बाइट 'डब्ल्यूसी' या आज्ञेने मोजा. उत्तर १९ येईल. ती जास्तीची एक बाइट म्हणजे 'एको'ने शेवटी घातलेली, ओळ संपल्याची खूण.