जुन्या बुलेटचे स्लो फार उतरवू नका

मद्रासला १९५०च्या दशकात तयार होऊ लागलेली बुलेट नांदेड-लातूर रस्त्याला लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठंही दिसेल. शेतकरी बंधूंनो, गाडी जास्त पळावी म्हणून तिच्यात वेगळा कॅम टाकला असेल, तर पूर्वीच्या संथ ठोक्याचा हट्ट सोडा. अशा कॅममुळे इनलेट व एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. कमी वेगात जळका धूर ताज्या पेट्रोल-हवेत मिसळतो आणि गाडी अडखळते. हा बिघाड नव्हे, कॅमचा गुण आहे.

आधी गार इंजिनात टॅपेट तपासा. पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना पुशरॉड बोटानं फिरावा, खालीवर मात्र हलू नये. मग दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करा. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू सावकाश फिरवा. इंजिन सर्वांत जोरात व एकसारखं चालेल तिथं सोडा. शेवटी स्लोचा स्क्रू उतरवा, पण ठोका चुकू लागण्याआधीच थांबा.

स्लो फार उतरवलं तर ऑइलपंपही मंद फिरतो, वर रॉकरला तेल कमी पोचतं. ठोका गाव ऐकेल, इंजिन उघडायचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल.