भाकरी चावता आली पाहिजे

सकाळी साडेनऊ. सत्तरीच्या आजींनी रुमालाची गाठ सोडून कवळी माझ्या हातात दिली. "डॉक्टरीणबाई, वरची बसतीय, खालची जिभेवर नाचतीया." बोट फिरवून पाहिलं, खालच्या हिरडीचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, खालचं जास्तच. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, खालचीला फक्त नालेच्या आकाराची चिंचोळी जागा. पुढे हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे स्क्रू, घालून त्यांवर कवळी अडकवता येते. कशी, ते ब्लाउजच्या टिचबटणावर दाखवलं.

"खर्च किती?" मुलाने विचारलं. "भाकरी खाता येईल?" आजींनी विचारलं. मी आधी आजींना उत्तर दिलं. येईल, लहान तुकडे करून. पण आधी तीन महिन्यांची साखर तपासायची, आणि मिश्री बंद. मिश्रीवर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग मान हलवली.

अकरा. तिशीतला ड्रायव्हर. खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढलेली, त्या रिकाम्या जागेत वरची दाढ खाली उतरू लागलेली. बहिणीच्या लग्नाआधी ब्रिज हवा होता. शेजारचे दोन्ही दात धडधाकट. ब्रिजसाठी ते तासायचे, आणि तासलेलं एनॅमल परत येत नाही. त्यांना आधीच कॅप असती तर मीच ब्रिज सुचवला असता. म्हणून त्याला इम्प्लांट सुचवलं. "स्क्रू गंजणार नाही ना?" नाही, टायटॅनियम आहे, हाड त्याला धरून ठेवतं. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले, ते चाळीस वर्षं टिकले. लग्नात मागची दाढ दिसत नाही म्हटल्यावर त्याची घाई ओसरली. विचार करून येतो म्हणाला. करू दे, दात त्याचे आहेत.

दुपारी मापं, एका कवळीची टोचणारी कड घासणं.

चार. निवृत्त गुरुजींच्या कवळीची मेणातली ट्रायल. "पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट म्हणा." 'स' शिट्टीसारखा येत होता. मेण कोमट करून पुढचे दात केसभर सरकवले, पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा साफ. खिडकीच्या उजेडात रंग पाहिला. त्यांना पांढरेशुभ्र हवे होते. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नींनी पिशवीतून लग्नाचा फोटो काढला. त्यात पुढचा डावा दात जरासा वळलेला. "असेच होते ह्यांचे," त्या म्हणाल्या. गुरुजी फोटोकडे पाहत राहिले.

साडेसातला लॅबचा मुलगा आला. डब्यावर चिठ्ठी चिकटवली: डावा दात वळलेलाच ठेवा, सरळ करू नका.