रोजच्या वापरातील मसल कारला सुपरचार्जर: अश्वशक्तीच्या आकड्याआधी काय पाहावे?

अमेरिकेत फोर्ड मस्टँग जीटी विकत घेणारे सगळेच तिला गॅरेजमध्ये झाकून ठेवत नाहीत. अनेकांसाठी कामावर जाण्याचे, मुलांना शाळेत सोडण्याचे आणि किराणा आणण्याचे ते एकमेव वाहन असते. २०१८च्या मस्टँग जीटीतील पाच लिटरचे ‘कायोटी’ व्ही-८ इंजिन कारखान्यातून बाहेर पडतानाच ४६० अश्वशक्ती देत होते. तरीही त्याला सुपरचार्जर जोडून हा आकडा सातशेच्या आसपास नेण्याचा मोह अनेक मालकांना होतो. त्यासाठीचे तयार किट साधारणपणे सात ते दहा हजार डॉलरना मिळते. बसवण्याची मजुरी वेगळी.

जाहिरातीत ठळक छापलेला आकडा कमाल शक्तीचा असतो. सोमवारी सकाळी वाहतूक कोंडीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र तो सर्वांत शेवटी पाहायला हवा. निवड चुकली, तर इंजिन निकामी होते आणि त्याबरोबर कामावर जाण्याचे साधनही हातचे जाते.

सुपरचार्जर हा मुळात हवेचा पंप आहे. टर्बोचार्जर धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरतो, तर सुपरचार्जरला इंजिनच पट्ट्याच्या साह्याने फिरवते. तो सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबतो, त्या प्रमाणात अधिक पेट्रोल जाळता येते आणि शक्ती वाढते. ही शक्ती फुकट मिळत नाही. डॉज कंपनीच्या ७०७ अश्वशक्तीच्या ‘हेलकॅट’ गाडीत केवळ सुपरचार्जर फिरवण्यासाठी पूर्ण वेगात सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडते.

खरी अडचण उष्णतेची आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. सुपरचार्जरने त्यात ७ पौंडांची, म्हणजे प्रचलित भाषेत ७ पीएसआयची भर घातली, की कागदावर सिलिंडरमध्ये ४८ टक्के अधिक हवा जायला हवी. पण सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तशी दाबलेली हवाही तापते. सुपरचार्जरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५ अंश सेल्सिअसची हवा त्यातून बाहेर पडताना ८५ अंशांच्या वर पोहोचते. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे ४८ टक्क्यांची ती वाढ प्रत्यक्षात २६ टक्क्यांवर येते. हीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ पुन्हा ४० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून इंटरकूलर नसलेले स्वस्त किट रोजच्या गाडीसाठी विचारातही घेऊ नये.

तापलेल्या हवेने शक्ती घटते, एवढ्यावर हे थांबत नाही. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत असतानाच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. हे काही क्षण जोरात घडले, तरी पिस्टनच्या कडा तुटू शकतात. कंपनी स्वतः सुपरचार्जर देते, तेव्हा या धोक्याची तजवीज इंजिनाच्या रचनेतच करते. हेलकॅटच्या आणि २०२०च्या शेल्बी जीटी ५००च्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९.५ आहे. २०१८च्या मस्टँग जीटीचे ते १२ आहे. म्हणजे हे इंजिन बाहेरच्या साह्याविनाच मिश्रण बरेच दाबते. किट घेणारा या आधीच ताणलेल्या इंजिनावर आणखी दाब चढवत असतो. ७ ते १० पीएसआय आणि त्यांच्या पुढे यांतील अंतर त्यामुळे जाहिरातीत वाटते त्याहून बरेच मोठे असते.

अशा स्थितीत इंजिनाला वाचवते ते पेट्रोल. अमेरिकेत मिशिगनसारख्या राज्यांत पंपावर ९३ ऑक्टेन मिळते. कॅलिफोर्निया व ॲरिझोनात चांगल्या पेट्रोलची मजल सामान्यतः ९१ वर थांबते. (हे अमेरिकी आकडे वेगळ्या पद्धतीने मोजले जातात. तिकडचे ९१ म्हणजे भारतातील मापाने साधारण ९५-९६.) त्यामुळे डेट्रॉइटच्या थंड हवेत ९३ ऑक्टेनवर निर्धोक चालणारे किट ४० अंशांच्या फिनिक्समध्ये ९१ ऑक्टेनवर तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. किट विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा: दिलेली शक्ती कोणत्या पेट्रोलवर मोजली? उत्तर ९३ असेल आणि आपल्या पंपावर ९१ मिळत असेल, तर मोठी पुली लावून दाब कमी करणे आणि ठिणगीची वेळ मागे घेणे याला पर्याय नसतो.

आता प्रकारांविषयी. बाजारात तीन प्रकार आहेत. रूट्स प्रकाराला अमेरिकेतील रूट्स बंधूंचे नाव आहे. त्यांनी १८६० मध्ये हवा फुंकणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारीचा पत्ताही नव्हता. आज त्याचे सुधारित रूप ईटन कंपनी ‘टीव्हीएस’ या नावाने बनवते. त्या नावाचा चेन्नईच्या दुचाकी कंपनीशी काहीही संबंध नाही. दुसरा प्रकार दुहेरी स्क्रूचा. हे दोन्ही इंजिनाच्या माथ्यावर बसतात आणि कमी फेऱ्यांनाही भरपूर दाब देतात. सिग्नल सुटताच गाडी झेपावते, ती यामुळे. तिसरा प्रकार अपकेंद्री. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसतो आणि त्याचा दाब फेऱ्यांच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,००० फेऱ्यांना १० पीएसआय देणारा असा सुपरचार्जर ३,५०० फेऱ्यांना जेमतेम अडीच पीएसआय देतो.

शहरात इंजिन बहुतेक वेळ १,५०० ते ३,००० फेऱ्यांतच फिरते. म्हणून पहिले दोन प्रकार रोजच्यासाठी बरे, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कमी फेऱ्यांना मिळणारा जोर पावसात ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरवतो आणि गिअरबॉक्स व क्लचवर आघात करतो. शिवाय माथ्यावरचा सुपरचार्जर इंजिनाची उष्णता शोषत राहतो. कोंडीत वीस मिनिटे उभे राहिल्यावर आत जाणारी हवा बरीच तापलेली असते. त्याचा पाण्यावर चालणारा इंटरकूलर, त्याचा छोटा रेडिएटर आणि विजेवरचा पंप किती सक्षम आहेत, हे म्हणूनच सुपरचार्जरइतकेच महत्त्वाचे. अपकेंद्री प्रकार मंद वेगात जवळपास मूळ गाडीसारखाच वागतो. रोज लांब महामार्गावरून जाणाऱ्याला तो अधिक मानवेल. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग क्वचितच जाणवेल. संथ चालवताना बायपास झडप हवा परत फिरवते, त्यामुळे पेट्रोलचा खर्च कोणत्याही प्रकारात लोक समजतात तितका वाढत नाही. तो वाढतो उजव्या पायामुळे.

किटच्या पेटीत जे नसते, त्याचाही खर्च धरावा लागतो. कायोटी इंजिनाच्या तेलपंपातील दातेरी चाके धातूची भुकटी दाबून बनवलेली असतात. मूळ शक्तीवर ती तक्रार करीत नाहीत. पण सुपरचार्जरचा अतिरिक्त भार आणि इंजिन वरच्या फेऱ्यांच्या मर्यादेवर आदळणे यांत ती तुटल्याचे प्रकार मेकॅनिकांच्या चांगले परिचयाचे आहेत. ती तुटली, की तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो आणि इंजिन जाम होते. पोलादाची चाके फार महाग नसतात. मजुरी महाग असते, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा पुढचा भाग उघडावा लागतो. सुपरचार्जर बसवतानाच हे काम उरकणे शहाणपणाचे ठरते. त्याच वेळी थंड प्रकारचे स्पार्क प्लग आणि हातगिअरच्या गाडीत मजबूत क्लचही बघावा.

संगणकीय ट्यूनिंगविषयी एकच सांगता येईल. किटबरोबर आलेला तयार प्रोग्राम आपल्या गाडीवर, आपल्या पेट्रोलवर कसा चालतो, याची नोंद डायनोवर आणि प्रत्यक्ष रस्त्यावर घेतल्याशिवाय गाडी पूर्ण ताकदीने चालवू नये.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून अमेरिकेत उत्पादकाला सगळी हमी रद्द करता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाल्याचे त्याला दाखवावे लागते. मात्र सातशे अश्वशक्तीच्या इंजिनाचा पिस्टन तुटला, तर ते दाखवणे त्याला जड जात नाही. फोर्डच्या परफॉर्मन्स विभागामार्फत विकली जाणारी काही किट प्रमाणित तंत्रज्ञाने बसवल्यास ३ वर्षे किंवा ३६ हजार मैलांची हमी देतात. त्यांची शक्ती थोडी कमी आणि किंमत थोडी जास्त असली, तरी ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही त्याने आधी तिकडेच पाहावे. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसलेले किट लावलेली गाडी धूर तपासणीत अडकते. हा क्रमांक विशिष्ट मॉडेल आणि वर्षापुरताच असतो, हे खरेदीआधी पडताळून घ्यावे लागते.

मस्टँग जुलै २०१६ मध्ये भारतातही अधिकृतपणे दाखल झाली, त्यामुळे इथल्या मालकांनाही हा मोह होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचाच पुनरुच्चार केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.