वाड्यातली माणसं वाचताना

नाटकातलं पात्र स्वतःबद्दल जे बोलतं ते खरंच असेल असं नाही. कथेत निवेदक असतो. तो हवं तेव्हा पात्राच्या मनात शिरतो आणि तिथं काय चाललंय ते वाचकाच्या कानावर घालतो. नाटककाराला ही सोय नाही. रंगमंचावर माणसं वावरतात, काही बोलतात, काही बोलायचं टाळतात, एखादी वस्तू उचलतात, लपवतात. एवढ्यावरून पात्र कसं आहे आणि नाटक कशाबद्दल आहे हे वाचकानंच जुळवायचं असतं. हे जुळवणं शिकण्यासाठी वऱ्हाडातल्या वाचकाला लांब जायची गरज नाही. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे त्याच्या अंगणातलंच नाटक आहे.

एलकुंचवारांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. पुढे नागपुरात त्यांनी इंग्रजीचं अध्यापन केलं. 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांडे घराण्याची ही गोष्ट. घरातले कर्ते तात्याजी वारले आहेत, तेरवी तोंडावर आली आहे आणि मुंबईचा मधला मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन घरी आला आहे. थोरला भास्कर, वहिनी, लग्नाविना राहिलेली बहीण प्रभा, घरची सगळी कामं ओढणारा धाकटा भाऊ चंदू, भास्करची मुलं रंजू आणि पराग, आई आणि म्हातारी दादी, एवढी माणसं त्या वाड्यात आहेत. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या चांदूर रेल्वेसारख्या गावात सुधीर कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नोकरीसाठी गेलेला आणि लग्नाला नाहीतर दिवसांना गाडीतून उतरणारा भाऊ बहुतेक घरांत असतो.

या माणसांचं वेगळेपण कळायला आधी मराठी रंगभूमीवरचं जुनं वळण आठवावं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यानंतर महिन्याभरात त्यांचं 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला रंगमंचावर आणलं. गडकऱ्यांची पात्रं मनातलं सगळं ओठांवर आणतात. नायक सुधाकर स्वतःच्या अधःपाताबद्दल पल्लेदार वाक्यांत बोलतो, त्याची बायको सिंधू हिची निष्ठा तिच्या प्रत्येक वाक्यात दिसते. तरीही शब्दांवर पूर्ण भरवसा ठेवला तर ते नाटक केवळ दारूबंदीचा प्रचार होऊन बसतं. सुधाकर पहिला प्याला घेतो तो न्यायालयात अपमान होऊन वकिलीची सनद काही काळासाठी गेल्यावर. घटनांचा हा क्रम लक्षात घेतला की दारूच्या आधी त्याचा अहंकार दिसतो. त्याचा दारुडा सोबती तळीराम फक्त पेला पुढे करतो. भाषा कितीही भरजरी असली तरी पात्र उमगतं ते काय झालं आणि कशानंतर झालं यावरून.

एलकुंचवारांच्या वाड्यात तर माणसं स्वतःबद्दल फार थोडं बोलतात. तिथं वस्तूंकडे पाहावं लागतं. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो शेतात जात नाही, विकलाही जात नाही, आणि चंदूच्या पायाला जखम होते ती त्याच्यामुळेच. अभ्यासाच्या पुस्तकात त्याला चटकन 'प्रतीक' म्हटलं जातं आणि विषय तिथंच संपतो. खरं तर तो ट्रॅक्टर आधी ट्रॅक्टरच आहे. शेती सुधारू म्हणून पैसा घातला, तो फसला, आणि फसल्याचं कबूल करायला घरात कोणी तयार नाही. जखम होते ती एकट्याच्या पायाला, आणि तोच घरात सगळ्यांत कमी मागतो. इतकं पाहिलं की भास्करचा कर्तेपणा आणि चंदूचं मुकेपण दोन्ही त्या एका वस्तूत सापडतात.

दागिन्यांचा प्रवेश हा नाटकाचा गाभा. घराण्याचं सोनं भास्करनं आपल्या ताब्यात ठेवलं आहे. एका रात्री वहिनी ते सगळे दागिने अंगावर घालते. दिवसभर चूल सांभाळणारी, सगळ्यांचं जेवणखाण झाल्याशिवाय न बसणारी ही बाई सोन्यानं मढून नवऱ्यासमोर उभी राहते. उतावळा वाचक याला लोभ म्हणतो. हे वाचन उथळ आहे. देशपांड्यांची सून म्हणून आली तेव्हा या घरानं तिला जे वैभव दाखवलं होतं, त्यातलं हातात धरता येईल असं एवढंच उरलं आहे. आयुष्यभराच्या कष्टांचा मोबदला ती काही घटकांपुरता अंगावर घालून पाहते. पुढे सिनेमाच्या वेडानं झपाटलेली रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईला पळून जाते आणि ते सोनंही तिच्याबरोबर जातं. आई ज्या वैभवाकडे पाहत वाड्यात झिजली, मुलगी ते सिनेमात शोधायला निघाली. दोघींची ओढ एकच, हे दोन्ही प्रवेश शेजारी ठेवल्यावर कळतं.

प्रभाबद्दल चर्चा कमी होते आणि तिच्यावर हा अन्यायच आहे. घरातलं सगळ्यांत तल्लख डोकं तिचं. तिला शिकायचं होतं, घराण्याच्या प्रतिष्ठेपायी शिकू दिलं नाही. कडवटपणा हा तिचा स्वभाव मानला तर ती चिडकी नणंद ठरते. कारण लक्षात घेतलं तर वाड्याच्या चिरेबंदीपणाची सर्वांत मोठी किंमत तिनं मोजलेली दिसते. 'एकत्र कुटुंबाचा ऱ्हास' हा आशय परीक्षेत लिहिला तर गुण मिळतील. वाक्य खोटंही नाही. पण त्यात प्रभाला जागा नाही, कारण ते कुटुंब भरभराटीत होतं तेव्हाही तिच्या वाट्याला हेच आलं असतं. नाटकातलं एक ठसठशीत पात्र बाहेर राहत असेल तर आशयाचं ते वाक्य पुन्हा लिहायला हवं.

बाहेरचा इतिहासही हाताशी असावा. विदर्भासाठीचा कुळवहिवाट कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा. जमीन कसणाऱ्याचा हक्क मान्य होणं न्यायाचंच होतं. वतनदार घरांची मात्र स्वतः राबायची सवय गेलेली होती. उत्पन्न आटलं तरी गावजेवणाची रीत सुटत नाही. तात्याजींच्या तेरवीवरून भावांत जो ताण पडतो त्याच्या मुळाशी हे आहे, आणि म्हणून एकट्या भास्करला खलनायक ठरवता येत नाही. सुधीरही हिशेब मागायला आलाच आहे. मधल्या मध्ये कोकणस्थ घरातून आलेली अंजली बोलण्याचालण्यात परकी पडते. वऱ्हाडी वळणाच्या त्या घरातला तिचा परकेपणा मोठ्यानं वाचलं की लगेच कानाला जाणवतो.

एकच संहिता दोन तऱ्हांनी वाचली जाते याचं जगप्रसिद्ध उदाहरण वाड्याच्या जवळचंच आहे. अंतोन चेखॉव्हचं 'द चेरी ऑर्चर्ड' १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरनं केलं. तिथंही जमीनदार घराणं आहे, कर्ज आहे आणि विकली जाणारी बाग आहे. चेखॉव्ह त्याला विनोदी नाटक म्हणत होता, दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं ते शोकात्म केलं. शेवटी म्हातारा नोकर फिर्स बंद घरात विसरला जातो. त्या क्षणी हसायचं की रडायचं, यावर शतकभर वाद चालू आहे. दोन्ही बाजूंना संहितेत आधार सापडतो म्हणूनच तो वाद टिकून आहे. ज्या अर्थाला संहितेत बोट ठेवायला जागा नाही तो कितीही आकर्षक असला तरी सोडून द्यावा.

एलकुंचवारांनी पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून ही त्रिनाट्यधारा पूर्ण केली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'साठी तिन्ही नाटकं सलग सादर केली. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पहिल्या नाटकातला उनाड पराग पुढच्या दोन नाटकांत कुठवर जातो हे पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दलचं मत पक्कं करू नये.

राहिली दादी. कथानकात तिचं काही काम नाही. मुलगा व्यंकटेश, म्हणजेच तात्याजी, गेला हे तिला उमगलेलं नाही. ती आपल्या जागेवरून त्याला हाका मारते आणि किती वाजले ते विचारत राहते. घाईत वाचणारे तिची वाक्यं ओलांडून पुढे जातात. 'वाडा चिरेबंदी' हातात घ्याल तेव्हा ती ओलांडू नका. प्रत्येक वेळी तिला उत्तर कोण देतं, कसं देतं आणि कोण देत नाही, तेवढं पेन्सिलीनं खूण करत जा.