स्वतःसाठी वेळ काढणं हाही हक्कच

आचोळ्यातून नालासोपारा स्टेशन, तिथून चर्चगेटची लोकल. येण्या-जाण्यातच आपले रोजचे तीनेक तास जातात. उरलेला वेळ घरकाम आणि मोबाईल खातो. मग स्वतःसाठी वेळ काढणं स्वार्थ वाटू लागतं.

हजरत अबू दर्दा (रजि.) रोज रोजे आणि रात्रभर इबादत करत, तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना समजावलं: रबचा हक्क आहे, तसा स्वतःच्या नफ्सचा आणि घरच्यांचाही आहे. प्रेषितांनी (स.) सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे.

म्हणून फजरनंतर वीस मिनिटं चालू या, लोकलमध्ये चार पानं वाचू या. आणि रात्रीची भांडी घरात वाटून घेऊ या. अम्मीच्या नफ्सचाही हक्क आहेच ना!